पान वरचं पिवळं की खालचं?

माझं गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एम.एस्सी. झाल्यावर, तेविसाव्या वर्षी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकत होते तेव्हा शेवाळ म्हणजे विष्णुपुरीच्या जलाशयातून किंवा गोदावरीच्या घाटावरून बाटलीत भरून आणलेलं हिरवट पाणी, एवढीच ओळख होती. पुढे गोव्यात एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागले आणि समुद्रातल्या सूक्ष्मशैवालांशी गाठ पडली. एकच पेशी, डोळ्याला न दिसणारी. पण पृथ्वीवर जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं, त्यातलं जवळपास निम्मं समुद्रातले असले जीव करतात. मी सहा वर्षं त्यांना उपाशी ठेवलं आणि त्यांच्या आत काय हलतं ते पाहिलं. आता नांदेडला शिकवते.

टंचाई हा शब्द आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. टंचाईत पेशीच्या आत काय होतं, रेणू कसे जागा बदलतात, हे शिकायला मात्र मला समुद्राकाठी जावं लागलं. तिथं जे कळलं ते लिहिते आहे. आठवेल तशा क्रमानं.

१. असणं वेगळं, हाती लागणं वेगळं

संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी जुलैत गावाकडं सलग झड लागली होती. वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, फोन आला, "सोयाबीन पिवळं पडलंय. युरिया टाकू का?"

मी विचारलं, "पान वरचं पिवळं की खालचं?"

"वरचं. कोवळं. शिरा हिरव्याच हायत."

मग युरिया नको, असं मी सांगितलं. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं, त्यामुळं खालचं पान आधी पिवळं पडतं. लोहाचं तसं नाही. ते एकदा पानात बसलं की सहसा तिथून हलत नाही. म्हणून लोह कमी पडलं की शेंड्याचं पान पिवळं होतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अण्णा जरा थांबले. म्हणाले, "काळ्या रानात लोखंड कमी कसं आसंल गं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आमची जमीन बेसाल्टची आहे, लोहानं भरलेली. पण ती चुनखडीची आहे, तिचा सामू आठाच्या पुढं. असल्या जमिनीत लोह गंजासारख्या घट्ट रूपात पडून राहतं, पाण्यात विरघळत नाही. झडीत रान चिबडलं की मातीतलं बायकार्बोनेट वाढतं आणि मुळांना लोह आणखीच दुरावतं. वाफसा आला की तेच झाड बऱ्याचदा आपोआप हिरवं होतं. लोह तेवढंच, जमीन तीच. वाट तेवढी मोकळी झालेली असते.

त्या दिवशी फोन ठेवला आणि माझ्याच टेबलावरच्या बाटल्यांकडं वेगळ्या नजरेनं पाहिलं. समुद्राच्या पाण्याचा सामूही साधारण ८.१. आमच्या रानाएवढाच. पृथ्वीच्या कवचात जी मूलद्रव्यं सर्वांत जास्त आहेत त्यांत लोहाचा क्रमांक चौथा. तरी किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राच्या वरच्या थरात एक लिटर पाण्यात विरघळलेलं लोह कित्येकदा एका ग्रॅमच्या शंभर कोटी भागांपैकी जेमतेम पाच-सहा भाग भरतं. तेही बहुतेक सगळं कुठल्या ना कुठल्या सेंद्रिय रेणूनं धरून ठेवलेलं. सुटं लोह जवळजवळ नसतंच.

एवढंसं लोह पकडायला डायटमसारख्या शैवालांच्या पेशीवर एक प्रथिन असतं, फायटोट्रान्सफेरिन. आपल्या रक्तात लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनसारखंच काम ते करतं. ते लोहाला घट्ट धरतं, पण धरताना त्याला पाण्यातल्या कार्बोनेटची जोड लागते, हे २०१८ साली दाखवलं गेलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरत चालला आहे आणि त्यानं पाण्यातलं कार्बोनेट घटतं आहे. लोह आहे तेवढंच राहिलं तरी उद्याच्या समुद्रात ते पकडणं आजच्यापेक्षा अवघड होऊ शकतं. अण्णांच्या रानात बायकार्बोनेट वाढून वाट बंद होते, समुद्रात कार्बोनेट घटून. हे मी त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

२. उपाशी ठेवणंही कसब आहे

माझा पहिला लोहाचा प्रयोग सहा आठवडे चालला आणि वाया गेला. ज्या बाटल्यांत लोह टाकलं नव्हतं, त्यांतही शैवाल मजेत वाढलं. मला वाटलं, मोठा शोध लागला. माझ्या मार्गदर्शक बाईंनी बाटली हातात घेऊन एवढंच विचारलं, "काचेची का घेतलीस?"

चूक माझीच होती. काच, नळाचं पाणी, हवेतली धूळ, हातातली बांगडी, सगळ्यांतून लोह सुटत होतं. पुढं प्लॅस्टिकच्या बाटल्या हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून, अतिशुद्ध पाण्यानं पुन्हा पुन्हा धुऊन, गाळलेल्या हवेच्या कपाटात हातमोजे घालून काम करायला शिकले. पेशी खऱ्या अर्थानं उपाशी राहायला चार महिने लागले.

जगातल्या समुद्रशास्त्रज्ञांनाही हाच धडा शिकावा लागला होता. जहाज लोखंडाचं, दोर लोखंडी, पाणी काढायची भांडी धातूची. त्यामुळं कित्येक वर्षं समुद्रात लोह भरपूर आहे असे आकडे येत राहिले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग इथल्या जॉन मार्टिन यांनी अतिस्वच्छ पद्धतीनं नमुने घेतले आणि खरं लोह किती थोडं आहे ते १९८० च्या दशकात पुढं आलं. ज्या समुद्रात नत्र-स्फुरद पडून आहे तरी शेवाळ वाढत नाही, तिथं लोहच कमी पडतंय, हा त्यांचा विचार. तो तपासणारा खुल्या समुद्रातला पहिला प्रयोग १९९३ मध्ये झाला. मार्टिन त्याच्या काही महिने आधी गेले.

३. चाहूल आधी लागते

टंचाईत जीव काय करतात, असं विचारलं की आपल्या मनात सहन करणं येतं. पेशी सहन करायच्या खूप आधी कामाला लागते.

स्फुरदाचं उदाहरण घ्या. पाण्यातलं फॉस्फेट घटायला लागलं की पेशी त्याला आत घेणारी वेगळी प्रथिनं बनवते. भरल्या दिवसांतली प्रथिनं भराभर पण ढिसाळ वाहतूक करतात. नवी प्रथिनं अत्यंत थोडं फॉस्फेटही हेरतात. त्याच वेळी पेशीच्या बाहेरच्या अंगावर अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचं विकर बसवलं जातं. मेलेल्या जीवांच्या सेंद्रिय अवशेषांत फॉस्फेट अडकलेलं असतं, ते हे विकर कापून मोकळं करतं. या सगळ्याला एक मुकादम लागतो. गोड्या पाण्यातल्या क्लॅमिडोमोनास या शैवालात तो १९९९ साली सापडला, पीएसआर-१ नावाचं जनुक. त्यापासून बनणारं प्रथिन स्फुरद घटताच कितीतरी जनुकांना एकदम कामाला लावतं. त्याच कुळातलं जनुक नंतर समुद्री डायटममध्येही दिसलं.

हे विकर डोळ्यानं पाहता येतं. एक खास द्रव्य नमुन्यात टाकलं की विकरानं ते कापल्याबरोबर तिथंच हिरवा चमकणारा कण तयार होतो. ज्या पेशीला स्फुरदाची चणचण आहे तिच्या अंगावर ठिपके लुकलुकतात, शेजारची दुसऱ्या जातीची पेशी काळीच राहते. पाणी दोघींना एकच. मी पहिल्यांदा ते पाहिलं त्या रात्री वसतिगृहावर परत गेलेच नाही. तोवर मी पाणी मोजत होते, फॉस्फेट इतकं, नायट्रेट तितकं. कुणाला किती पुरतंय हे पाणी सांगत नाही, ज्याचं त्याला विचारावं लागतं.

पावसाळ्यात आम्ही नांदेडला विद्यार्थ्यांना गोदावरीच्या पाण्यावर विकराची साधी परीक्षा करायला लावतो. नदीत सांडपाण्यातून स्फुरद इतकं येतं की बहुतेक वेळा विकर नावाला सापडतं. त्या मुलांना टंचाई दाखवायला मला समुद्राचं पाणी मागवावं लागतं.

४. काटकसर म्हणजे कमी खाणं नव्हे, बदली शोधणं

सहा वर्षांत मला सगळ्यांत जास्त थक्क केलं ते याच गोष्टीनं, म्हणून इथं जरा रेंगाळते.

प्रकाशसंश्लेषण हे लोहाचं मोठं गिऱ्हाईक आहे. प्रकाशाची ऊर्जा झेलणाऱ्या दोन यंत्रणांपैकी पहिली, फोटोसिस्टिम-१, एकटीच लोहाचे बारा अणू अडवून बसते. तिच्याकडून निघालेले इलेक्ट्रॉन पुढं नेणारा हमाल म्हणजे फेरेडॉक्सिन. त्यात लोहाचे दोन अणू. एका पेशीत असे हमाल अगणित.

लोह घटलं की पेशी फेरेडॉक्सिन बनवणं कमी करते आणि त्याच्या जागी फ्लॅव्होडॉक्सिन आणते. हे प्रथिन आकारानं मोठं, बनवायला महाग, कामाला थोडं मंद. पण त्यात लोह शून्य. बी-२ जीवनसत्त्वापासून बनलेला एक रेणू लोहाचं काम करतो. ज्युली ला रोश आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवलं, की समुद्रातल्या पेशींमध्ये फ्लॅव्होडॉक्सिन सापडलं तर तिथं लोहाची तंगी आहे असं समजावं. माझ्या बाटल्यांत मी जेव्हा पहिल्यांदा त्या प्रथिनाची पट्टी जेलवर पाहिली, तेव्हाच बाईंनी मान डोलावली, "आता खऱ्या उपाशी आहेत."

याच्याही पुढची तयारी थॅलॅसिओसिरा ओशिआनिका या डायटमची. हा किनाऱ्यापासून दूरच्या समुद्रातला, जिथं लोह कायमचंच कमी. त्यानं फोटोसिस्टिम-१ ची संख्याच कमी ठेवली आहे. शिवाय इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या आणखी एका लोहयुक्त प्रथिनाच्या जागी त्यानं तांब्याचं प्रथिन, प्लास्टोसायनिन, कायमचं बसवलं. हे २००६ मध्ये कळलं. किनाऱ्याजवळचे त्याचे भाऊबंद लोहावरच अवलंबून राहिले. एकाच कुळातल्या दोन जातींनी आपापल्या पाण्याप्रमाणे आतल्या यंत्राचे धातूच बदलले.

पेशीभोवतीच्या पापुद्र्याचंही तसंच. तो स्निग्ध रेणूंचा असतो आणि त्यातल्या कित्येक रेणूंच्या डोक्यावर फॉस्फेट असतं. अटलांटिकमधल्या सर्गासो समुद्रात स्फुरद फारच थोडं. बेंजामिन व्हॅन मूय आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं, की तिथल्या शैवालांनी पापुद्र्यातले बरेच फॉस्फरसवाले रेणू काढून त्यांच्या जागी गंधकाचे आणि नत्राचे स्निग्ध रेणू बसवलेले असतात. गंधक समुद्रात मुबलक. ज्या घराच्या भिंतीत बी-बियाणाची रक्कम अडकली आहे, त्या भिंतीच्या विटा एकेक काढून दगड बसवायचे आणि ती रक्कम पेरणीला, म्हणजे डीएनएला नि आरएनएला द्यायची, असं हे आहे. डीएनएमधलं फॉस्फेट मात्र कशानंही बदलता येत नाही. म्हणून तर बाकीच्या ठिकाणी एवढी धडपड.

आणखी एक सांगते, कारण ते मला अजून पुरतं पचलेलं नाही. कॅडमियम हे विष. कारखान्याच्या सांडपाण्यात ते सापडलं की आपण घाबरतो. पण जस्त संपलं की थॅलॅसिओसिरा वाइसफ्लोजाय हा डायटम कार्बन डायऑक्साइड हाताळणाऱ्या एका विकरात जस्ताऐवजी हेच कॅडमियम वापरतो. फ्रांस्वा मोरेल यांच्या गटानं २००० साली ते विकर शोधलं. कॅडमियमवर चालणारं विकर तोवर कुणाला माहीत नव्हतं.

आमच्या घरी आई अवर्षणाच्या वर्षी ज्वारीच्या पिठात काय काय मिसळायची, ते मला या प्रकरणात नेहमी आठवतं. भाकरी तशीच दिसायची. चवीत फरक पडायचा आणि थापताना ती तुटायची, म्हणून आईचा हात जास्त वेळ चालायचा. बदली फुकट होत नाही. फ्लॅव्होडॉक्सिनवर चालणारी पेशी जगते, पण सावकाश दुभागते.

५. पिवळी पेशी मेलेली नसते

नत्राची तऱ्हा निराळी. लोहाला बदली आहे, स्फुरदाला काही ठिकाणी आहे, नत्राला नाही. प्रथिन म्हणजेच नत्र. म्हणून नत्र संपलं की पेशी घरातलंच मोडून खाते. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे चार अणू असतात, त्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांत त्याहून कितीतरी जास्त. ती प्रथिनं मोडली जातात, हरितद्रव्यही जातं आणि दहा दिवसांत माझी हिरवी-तपकिरी बाटली कावीळ झाल्यासारखी दिसायला लागायची. त्यासोबत नायट्रेट आणि अमोनियम आत ओढणाऱ्या प्रथिनांची जनुकं जोरात चालू. दार सताड उघडं, बाहेर काहीच नाही.

सूर्यप्रकाश तर थांबत नाही. कार्बन येत राहतो, पण प्रथिनं बांधायला नत्र नाही. मग पेशी तो कार्बन तेलाच्या थेंबांत साठवते. सूक्ष्मदर्शकाखाली फिओडॅक्टिलम या डायटमच्या पोटात ते थेंब टपोरे दिसतात. शैवालापासून डिझेल काढायची जी खटपट जगभर झाली, तिचा पाया हाच. आणि तिची अडचणही हीच: उपाशी ठेवलं तर तेल भरतं पण वाढ थांबते.

अण्णा एकदा गोव्याला आले होते. भिंगातून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "काय करलालीस गं, बिचाऱ्यांला उपाशी मारून चरबी चढवलालीस?" मी त्यांना सांगितलं, चरबी चढली म्हणजे जीव मजेत आहे असं नसतं. त्यांना ते लगेच पटलं. चारा नुसता वाळका आणि पेंड नाही, अशा बैलाचं पोट सुटतं, खांदा सुकतो, म्हणाले.

डुनालिएला सलिना हे खारट पाण्यातलं शैवाल नत्र कमी आणि ऊन-मीठ जास्त झालं की बीटा-कॅरोटीन साठवून केशरी-लाल होतं. गाजराला रंग देणारं तेच द्रव्य. जून २०२० मध्ये मराठवाड्याच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पहिला संशय याच शैवालावर गेला होता. मलाही तसंच वाटलं आणि विद्यार्थ्यांना मी तसं सांगूनही टाकलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले, तर रंग मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या जिवाणूंसारख्या दुसऱ्याच सूक्ष्मजीवांचा निघाला. पुढच्या तासाला मी आधीचं विधान मागं घेतलं. रंगावरून उपासमार ओळखता येते, पण आधी जीव कोणता ते पाहायला हवं. वरचं पान की खालचं, हे विचारल्याशिवाय युरिया टाकायचा नाही, तसंच.

६. शेजार लागतोच

थोडक्यात सांगते. शैवालांच्या निम्म्याहून अधिक तपासलेल्या जातींना बी-१२ जीवनसत्त्व बाहेरून लागतं, त्यांना ते बनवता येत नाही. ते जिवाणू बनवतात आणि त्या बदल्यात शैवालानं तयार केलेलं अन्न खातात. हे २००५ साली स्पष्ट झालं. प्रयोगशाळेत आम्ही शैवाल जिवाणूंपासून वेगळं करून शुद्ध ठेवतो आणि बी-१२ चा थेंब आपल्या हातानं टाकतो. एकदा तो टाकायचा राहिला. लोह, नत्र, स्फुरद सगळं होतं. पेशी थांबल्या.

७. एक गाठ सोडवली की दुसरी हाताला लागते

जानेवारी ते मार्च २००९ या काळात गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी दक्षिण महासागरात एक प्रयोग केला. नाव लोहाफेक्स. त्यातला 'लोहा' हा आपलाच शब्द. नेतृत्व वजीह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक यांचं, जहाज पोलारस्टर्न. समुद्रातल्या एका मोठ्या भोवऱ्याच्या सुमारे तीनशे चौरस किलोमीटर पाण्यात लोह सोडायचं, शेवाळ वाढतं का, हवेतला कार्बन ओढून ते तळाशी जातं का, हे पाहायचं.

त्यांनी सोडलं ते फेरस सल्फेट. म्हणजे हिराकस. औशाच्या कृषी सेवा केंद्रातून अण्णा पिवळ्या सोयाबीनवर फवारायला पिशवी आणतात, तेच. मी संस्थेतल्या जुन्या माणसांकडून त्या सफरीच्या गोष्टी ऐकल्या, तेव्हा गोण्यांची रास डोळ्यांपुढं येऊन ऊर भरून आला होता. इतक्या लांबच्या, बर्फाळ समुद्राला आमच्या रानाचंच औषध.

शेवाळ वाढलं, पण थोडंच. पहिल्या दोन आठवड्यांनंतर वाढ थबकली. डायटमना अंगाभोवतीचा काचेचा करंडा बांधायला सिलिका लागते आणि त्या पाण्यातली सिलिका आधीच्या नैसर्गिक बहरात संपून गेली होती. लोह मिळालं, घर बांधायला वाळू नाही. डायटमखेरीजचं जे मऊ शेवाळ वाढलं, ते बारीक प्राण्यांनी खाल्लं आणि त्या प्राण्यांना त्यांच्याहून मोठ्या झिंग्यासारख्या प्राण्यांनी. तळाशी फारसा कार्बन गेला नाही.

काही जणांनी या प्रयोगाला अपयशी म्हटलं. मला तो फार मोलाचा वाटतो. समुद्रात लोह ओतून हवामानबदलावर उपाय काढू, असं म्हणणारे तेव्हा बरेच होते. एका ठिकाणी चाललेली मात्रा दुसरीकडं का चालत नाही, ते या सफरीनं खऱ्या पाण्यात दाखवलं. आमच्याकडंही माती परीक्षण न करता दुकानदार सांगेल ती सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली फवारली जाते. जस्त कमी असतं तिथं लोह, लोह कमी असतं तिथं युरिया. दर हंगामात मी गावी गेले की चार-पाच जण पानं घेऊन येतात. मी आधी चिठ्ठी मागते, तपासणीची.

८. चिवटपणाचं कौतुक करताना जपून

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांवर होती, म्हणजे माणशी सुमारे १.३ लिटर. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. माझी मावशी गांधी चौकाजवळ राहायची. घागरींच्या रांगेत तिची मुलगी दहावीचं पुस्तक घेऊन बसायची.

त्याच उन्हाळ्यात एका चर्चासत्रात मी फ्लॅव्होडॉक्सिनवर बोलले. नंतर एक ज्येष्ठ प्राध्यापक जवळ आले आणि आपुलकीनं म्हणाले, "तुमची मराठवाड्याची माणसंही अशीच. कशातही तगतात." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी काही उत्तर दिलं नाही. पण तो शब्द अनेक दिवस टोचत राहिला.

पेशी तगते म्हणजे काय होतं, ते मी रोज मोजत होते. दुभागण्याचा वेग अर्ध्यावर. हिरवेपणा घरातल्या घरात खाल्लेला. जी प्रथिनं वाढीला लागायची, ती दारं उघडी ठेवण्यात खर्च झालेली. माझ्या मावसबहिणीचं रांगेत गेलेलं वर्ष कुठल्या आलेखावर दाखवायचं? आणि शेवाळाला समुद्रातलं नायट्रेट कुणी वाटून देत नाही. मांजराचं पाणी कुठल्या पिकाला, कुठल्या गावाला, कुठल्या महिन्यात जायचं, हे माणसं ठरवतात. त्या ठरवण्याचा हिशेब चिवटपणाच्या कौतुकात बुडून जातो. तेव्हापासून व्याख्यानात मी शेवाळाची उपमा आमच्या माणसांना देत नाही. आईच्या भाकरीची उपमा शेवाळाला देते, ती चालते, कारण आईला पीठ कुणी नाकारलं नव्हतं, पाऊसच नव्हता.

९. परत येण्याचीही तयारी लागते

डायटमच्या जनुकसंचात एक गोष्ट अशी सापडली की कुणाचा विश्वास बसेना. थॅलॅसिओसिरा स्यूडोनानाचा जनुकसंच २००४ मध्ये वाचला गेला, तेव्हा त्यात युरिया चक्राची जनुकं निघाली. हे चक्र तोवर प्राण्यांचं मानलं जायचं. आपल्या यकृतात ते नको असलेलं नत्र बाहेर टाकायला वापरलं जातं. नत्रासाठी तडफडणाऱ्या डायटमला ते कशाला हवं? २०११ साली अँड्र्यू ॲलन, क्रिस बोलर आणि सहकाऱ्यांनी फिओडॅक्टिलमवर काम करून दाखवलं, की डायटम या चक्रातून नत्र टाकत नाही, फिरवतो. लांबच्या उपासानंतर खालचं पाणी वर आलं आणि एकदम नायट्रेट मिळालं, की ते पटकन कामी लावायला हे चक्र उपयोगी पडतं. ज्याच्यात ते दुबळं केलं, तो डायटम अन्न मिळूनही मागं राहिला.

अरबी समुद्रात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यानं खालचं थंड, नत्रभरलं पाणी वर येतं. तोच वारा आमच्याकडं पाऊस आणतो. जूनमध्ये दोन्हीकडं वाट पाहणं चालू असतं.

यंदा तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी नत्राच्या उपासाचा प्रयोग दिला. तीन बाटल्या: एक आठवड्याची, तीन आठवड्यांची, आठ आठवड्यांची. पहिलीत नायट्रेट टाकलं, दुसऱ्या दिवशी दुपारी रंग भरायला लागला. दुसरीला पाच दिवस लागले. त्यांतली एक मुलगी रोज सकाळी महाविद्यालय उघडायच्या आधी येऊन खिडकीपाशी बाटली धरायची. लोहा तालुक्यातली आहे, वडील दुष्काळात जनावरं विकून पुण्याला गेले ते अजून तिथंच आहेत, असं तिनं एकदा सांगितलं होतं.

आठ आठवड्यांची बाटली शनिवारी उघडायची होती. पाणी जवळजवळ रंगहीन, तळाशी फिकट गाळ. सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याच पेशी फुटलेल्या. काहींत तेलाचे थेंब शाबूत होते. ती पिपेट भरून उभी राहिली.

"मॅडम, आता टाकून उपयोग होईल का?"

मी पुन्हा एकदा भिंगातून पाहिलं. कोपऱ्यात दोन पेशींच्या मधोमध अजून पिवळसर तपकिरी रंगाची रेघ होती.

"टाक," मी म्हटलं. "आणि तारीख लिही बाटलीवर."